सतरा नंबरचा खोटेपणा

जगातली कुठलीही महान जोडी एकमेकांवरच्या अढळ विश्वासावर उभी असते. लमार ग्रोफ आणि एल्वुड क्रेब्स यांची जोडी, त्यांना दुसरं कुणी ठेवून घेत नव्हतं म्हणून उभी राहिली. लमार ड्रायव्हर. त्याला तीन मालकांनी काढून टाकलं होतं, कारण गाडीचं काय बिनसलंय हे त्याला शब्दांत सांगता येत नसे. एल्वुड मेकॅनिक. त्याला चार मालकांनी काढलं होतं, कारण त्याला ते नेमकं सांगता येई आणि तो ते मालकाच्या पाहुण्यांसमोर सांगे.

दोघांना आर्लीन स्टॉफरबाईंनी एकाच आठवड्यात उचललं. बाईंचा धंदा संडासाच्या टाक्या उपसण्याचा. नवरा वारला तेव्हा मागे मैला ओढायचे अकरा ट्रक आणि शर्यतीची एक गाडी ठेवून गेला. ट्रक बाईंना कळत होते. गाडी कळत नव्हती, पण यॉर्कपासून लँकेस्टरपर्यंत एवढ्या स्वस्तात जाहिरात होत नाही हे कळत होतं. गाडीच्या डोक्यावर पलंगाएवढा पत्र्याचा पंख असतो. वाऱ्याने गाडी जमिनीला दाबून धरावी म्हणून तो लावतात, ही मेकॅनिक लोकांची समजूत. बाईंच्या मते तो त्यावर लिहिता यावं म्हणून असतो. त्यावर लिहिलं होतं, 'तुमची घाण, आमची शान', आणि खाली फोन नंबर.

आठ वर्षांत या सतरा नंबरच्या गाडीने क्रो हिलच्या मातीच्या ट्रॅकवर असा काही उच्छाद मांडला, की बाकीचे घरून निघतानाच दुसऱ्या नंबराची स्वप्नं बघत निघू लागले. लोक कारणं शोधत. कुणी म्हणे, इंजिनात काहीतरी आहे. कुणी म्हणे, लमारच्या छातीत काहीतरी आहे. इंजिन अधिकाऱ्यांनी दोनदा उघडून पाहिलं. छाती डॉक्टरने पाहिली, त्याने चरबी कमी करायला सांगितलं.

खरं कारण एल्वुडला ठाऊक होतं आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं त्याला वाटत होतं. ते कारण म्हणजे लमार खोटं बोलायचा आणि एल्वुड त्याला ओळखून होता.

सरावाच्या फेऱ्या मारून लमार परत आला, की हेल्मेट डोक्यावर असतानाच बोलायला लागे. गाडी बिघडलेली असली तर म्हणे, "झकास आहे, हात लावू नकोस." गाडी खरोखर झकास असली तर मात्र त्याची कुरकुर सुरू होई. हातमोजा टोचतो. पट्टा खांद्यात काचतो. ट्रॅकवर पाणी मारणारा झोपेत होता. राष्ट्रगीत म्हणणारी मुलगी वरच्या सुराला चिरकली. पहिला मोसम संपायच्या आतच एल्वुडला किल्ली सापडली. 'झकास' कानावर आलं की तो पाना उचले, रडगाणं ऐकलं की कॉफीचा कप. 'गडी भेदरट आहे,' तो मनाशी म्हणे, 'मी हात लावला तर आणखी बिघडेल असं वाटतं त्याला.'

खोट्याला खोट्याने उत्तर द्यायचीही सोय होती. या गाड्यांमध्ये मेकॅनिकला ड्रायव्हरशी बोलता येत नाही. शर्यत चालू असताना तो ट्रॅकच्या आतल्या गवतावर दोन दांडके घेऊन उभा राहतो. दोन दांडक्यांत जेवढं अंतर, तेवढी मागची गाडी लांब. दांडके जवळ आले की समजायचं, शत्रू मानेवर बसलाय. एल्वुडचे दांडके म्हणजे झाडूच्या काठीचे दोन तुकडे, नारिंगी रंगवलेले. आणि एल्वुड आठ वर्षं त्यांच्यातलं अंतर निम्मं दाखवत आला होता. कारण समोर मोकळा रस्ता दिसला की लमारचं मन चरायला जाई. तो प्रेक्षकांच्या स्टँडकडे बघे, पंखावरचा फोन नंबर लोकांना नीट दिसतोय का याचा विचार करी, आणि मागून कुणीतरी त्याला गिळून पुढे जाई. मागे वाघ लागलाय असं सांगितलं, की हाच लमार असा पळे की खऱ्या वाघालाही घाम फुटावा.

तर असं सगळं सुखाने चाललं होतं. मग सप्टेंबर आला आणि सतरा नंबर ओळीने तीन शर्यती हरली. एकदा एक बोल्ट तुटला, एकदा पुढचा गडी गिरकी घेऊन आडवा आला, आणि एकदा लमारच आडवा आला.

आर्लीनबाईंनी दोघांना कचेरीत बोलावलं.

"माझ्या बहिणीचा ट्रेंट आहे," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांचा. छोट्या गाड्यांत बक्षिसं मिळवलीत. पोरगं शांत आहे, समोरच्याचं ऐकून घेतं. ऑक्टोबरची मोठी शर्यत जिंकलात तर पुढच्या वर्षी लमार, तूच. हरलात तर ट्रेंट. एल्वुड, तू काळजी करू नकोस. तू काही झालं तरी आहेसच."

लमार टोपी हातात घेऊन तिच्या आत बघत बसला. काळजी एल्वुडलाच लागली. तो एकसष्ट वर्षांचा होता. एका माणसाचं खोटं समजायला त्याला एक अख्खा मोसम लागला होता आणि त्यावर हुकमत यायला आठ वर्षं. आता नव्या माणसाचं खोटं मुळापासून शिकायला त्याच्याकडे आयुष्य कुठं उरलं होतं? आणि ट्रेंट खरं बोलणारा निघाला, तर आणखी पंचाईत. पण हे लमारला सांगायचं म्हणजे 'तू जाऊ नकोस' असं सांगण्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा त्याने इंजिन खाली उतरवलं.

बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांच्या चर्चच्या तळघरात पास्टर वीव्हर 'मनमोकळा संवाद' नावाचा वर्ग घेत. तो असतो जोडप्यांसाठी. बाई म्हणाल्या, "तुम्ही तरी दुसरं काय आहात?"

झालं. घटस्फोटाच्या काठावर उभ्या असलेल्या चार जोडप्यांत हे पाचवं जाऊन बसलं. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं होतं, तेव्हा लमारने डोळे मिटून घेतले आणि एल्वुड पास्टरच्या डोळ्यांत बघत राहिला. आवडणारी एक गोष्ट सांगायची होती, तेव्हा लमार म्हणाला, "हा नट नीट आवळतो." एल्वुडने विचार केला आणि म्हणाला, "हा अजून मेलेला नाही." पास्टरना ही सुरुवात चांगली वाटली. शेवटी त्यांनी दोघांचे हात एकमेकांवर ठेवले आणि वचन घेतलं: यापुढे एकमेकांशी फक्त खरं. एल्वुड एकदा दिलेला शब्द पाळणारा माणूस. आणि लमारच्या आईला याच पास्टरांनी माती दिली होती, त्यामुळे त्यांच्यासमोर खोटी शपथ घ्यायची लमारची छाती नव्हती. ती डॉक्टरने पाहिलीच होती.

ऑक्टोबरातला तो रविवार उजाडला. दुपारी क्रो हिलवर चिकन आणि मक्याच्या सुपाचा वास सुटला होता, लोक बटाट्याच्या कापांवर व्हिनेगर ओतून घेत होते, आणि स्टँडमध्ये ब्लँकेटं अंथरून जागा धरल्या जात होत्या. सतरा नंबरला ढकलगाडीने, म्हणजे एका ट्रकने, मागून ढोसलं. या गाड्यांना स्वतःहून सुरू होता येत नाही. त्यांच्या मालकांसारखंच त्यांचं असतं. लमार चार फेऱ्या मारून आला.

"काय म्हणते?" एल्वुडने विचारलं.

लमारने हेल्मेट काढलं. वचन आठवून त्याचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा झाला.

"खरं सांगू?"

"खरंच सांगायचंय."

"मागची बाजू घसरते."

आठ वर्षांत पहिल्यांदा एल्वुडला ड्रायव्हरकडून माहिती मिळाली होती. तो हरखला. त्याने मागची पकड वाढवली. एरवी त्याने स्वतः कुंपणाशी उभं राहून वळणावर गाडी बघितली असती. पण दिलेल्या शब्दावर संशय घ्यायचा म्हणजे काय?

आधी चार छोट्या शर्यती होत्या. प्रत्येकीतले पहिले सहा जण मोठ्या शर्यतीत जाणार. आपल्या शर्यतीत लमार पहिल्या रांगेतून सुटला आणि पुढे निघाला, पण वळण आलं की गाडी नांगराला जुंपलेल्या बैलासारखी सरळच जाऊ बघे. तरी तो पुढे होता. एल्वुडने गवतावरून दांडके दाखवले, अगदी खरे, फूटभर अंतराचे. लमारने ते पाहिले आणि त्याचे खांदे सैल पडले, हे एल्वुडला इतक्या लांबूनही दिसलं. पुढच्याच वळणावर कर्टिस ब्रूबेकरची निळी गाडी आतून घुसली, तिच्यामागे आणखी एक, मग आणखी दोन, मग एक. लमार सहावा आला. म्हणजे मोठ्या शर्यतीत जागा मिळाली, पण सगळ्यांत मागची.

गाडी वाहून आणायच्या ट्रेलरच्या मागे दोघांची गाठ पडली.

"मागची बाजू घसरते म्हणालास ना रे?"

"घसरतच होती!"

"पुढची वळत नव्हती, म्हणून तू चाक जास्त मुरडत होतास, म्हणून मागची घसरत होती! पुढचं वळत नाही, हे सांगायला काय झालं होतं?"

"मला कसं कळणार? मी पुढे बघत होतो!"

"गाढवा, पुढेच तर—" एल्वुडने पाना जमिनीवर आपटला. "आठ वर्षं खोटं बोलून जिंकवलंस, आणि एक दिवस खरं बोलून वाटोळं केलंस."

"वा! आणि तू? फूटभर दाखवलंस. मी म्हटलं, फूटभर म्हणजे दोन फूट, मजेत चाललंय."

एल्वुड थबकला. "फूटभर म्हणजे दोन फूट कसं?"

"तू निम्मंच दाखवतोस ना नेहमी."

"तुला माहीत होतं?"

"एल्वुड, मला गणित येत नाही. पण दुप्पट करता येते."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू एवढं मन लावून दाखवायचास. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला वाईट वाटू द्यायचं."

एल्वुड ट्रेलरच्या पायरीवर बसला. आता विचारून टाकणं भाग होतं.

"आणि ते 'झकास, हात लावू नकोस'?"

"मग काय म्हणू? बिघडलीय म्हटलं, की तू विचारणार काय बिघडलंय. ते मला कुठं सांगता येतं? झकास म्हटलं की तू न विचारता सगळं उसकटतोस आणि बरोबर करतोस. मागच्या तिघांना मी खरंखरं सांगत होतो. तिघांनी काढलं."

लांबून ढकलगाड्यांची घरघर येत होती. दोघंही जमिनीकडे बघत होते. आठ वर्षं आपण दुसऱ्याला फसवतोय या समाधानावर जगलेल्या दोन माणसांचं ते समाधान एकाच वेळी गेलं होतं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊ बघत होतं. ते काय, हे बोलून दाखवायला दोघांपैकी कुणालाच आवडलं नसतं.

तेवढ्यात आर्लीनबाई पास्टरना घेऊन आल्या. पास्टरच्या हातात सुपाचा कागदी पेला होता.

"काय मग," पास्टर म्हणाले, "मनमोकळं बोलणं चाललंय ना?"

एल्वुडने लमारकडे पाहिलं. लमारने एल्वुडकडे पाहिलं. या वेळी एकमेकांच्या डोळ्यांत बघायला त्रास झाला नाही.

"फार छान चाललंय, पास्टर," दोघं एकदम म्हणाले.

त्या दिवसातलं हे पहिलं खोटं. सुतक फिटल्यासारखे दोघांचे चेहरे उजळले.

पास्टर वळताच लमारने हातमोजे चढवले. "एल्वुड."

"काय?"

"गाडी झकास आहे. हात लावू नकोस."

"बरं," एल्वुड म्हणाला आणि सगळी हत्यारं घेऊन गाडीखाली शिरला. मागची दोन्ही चाकं त्याने बदलली. उजवं चाक डाव्यापेक्षा आणखी मोठं घातलं, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे, ट्रॅकच्या वळणांच्या बाजूला, वळायला बघेल. पंखाचा कोन बदलला. बाई घड्याळाकडे बघत पाय आपटत होत्या. "तो झकास म्हणाला ना? मग हे काय चाललंय?" त्यावर गाडीखालून उत्तर आलं, "पुसतोय, बाई."

चाळीस फेऱ्यांची शर्यत सुटली तेव्हा सूर्य तिसऱ्या वळणामागच्या मक्याच्या शेतावर उतरला होता. सतरा नंबर शेवटून निघाली आणि पहिल्याच वळणावर, बाकीच्यांनी सोडून दिलेल्या बाहेरच्या मातीच्या बांधावर चाक टेकवून, तिने चार गाड्या अशा मागे टाकल्या की जणू त्या दूध घालायला थांबल्या होत्या. स्टँडमधली ब्लँकेटं खाली घसरली. जे लोक आठ वर्षं सतरा नंबर हरावी म्हणून तिकीट काढत होते, तेही उभे राहिले आणि आपण का उभे राहिलो म्हणून एकमेकांकडे बघू लागले. निम्मी शर्यत संपली तेव्हा लमार चौथा होता.

तेव्हा एका गाडीने चौथ्या वळणावर तीन कोलांट्या खाल्ल्या. ड्रायव्हर बाहेर येऊन हात हलवून शिव्या देऊ लागला, म्हणजे ठणठणीत होता. लाल झेंडा पडला. अशा वेळी गाड्या ट्रॅकवरच थांबतात आणि मेकॅनिकला इंधन भरायला जाता येतं. एल्वुड डबा घेऊन धावला. मागून बाई, त्यांच्यामागे पास्टर, पेला सांभाळत.

"काय म्हणते?"

"काय म्हणणार!" लमार कडाडला. "पट्ट्याने खांदा सोलून निघालाय. डावा हातमोजा कुठल्या मूर्खाने धुतला? आखडलाय. सूर्य डोळ्यांत येतोय, त्याचं कुणी काही करत नाही. आणि तुझी ती टोपी, एल्वुड! प्रत्येक फेरीला दिसते. माणूस आहेस की बुजगावणं?"

एल्वुडच्या अंगावर रोमांच उभे राहिले. एवढं रडगाणं त्याने आठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अरे, त्याचा पट्टा तरी बघ!" बाई ओरडल्या. "पंख बघ! काहीतरी कर!"

"बाई, यापेक्षा चांगली बातमी माणसाला मिळत नाही," एल्वुड म्हणाला. त्याने इंधन भरलं, झाकण लावलं आणि गाडीच्या कुठल्याही भागाला हात न लावता हात खिशात घातले. पास्टरनी मान डोलावली. त्यांच्या मते लमार मोकळा होत होता.

पुन्हा सुरू झालं. तिसरा, मग दुसरा. दहा फेऱ्या उरल्या असताना लमारने कर्टिस ब्रूबेकरला बाहेरून गाठलं, दोघांच्या पंखांमध्ये जेमतेम वर्तमानपत्र सरकेल एवढी फट ठेवून मागे टाकलं, आणि मातीचा लोट स्टँडवर जाऊन लोकांच्या बटाट्यांवर बसला. कुणीही तक्रार केली नाही.

एल्वुडने दांडके वर केले. कर्टिस बराच मागे पडला होता. एल्वुडने दांडके एकमेकांना चिकटवले. आनंदाच्या भरात निम्म्याचंही भान राहिलं नाही. लमार तसाच सुसाट निघाला.

आणि इथे घोटाळा झाला. पुढे हळू चालणाऱ्या, एक फेरी मागे पडलेल्या दोन गाड्या आडव्या आल्या. त्यांच्यामागे लमार अडकला. कर्टिस जवळ येऊ लागला. मग आणखी जवळ. दोन फेऱ्या उरल्या असताना निळ्या गाडीचं नाक सतराच्या मागच्या चाकाशी भिडलं. आता खरोखरच सांगायचं होतं, शत्रू मानेवर आहे. पण दांडके आधीच चिकटलेले होते. एल्वुडने आपलं सगळं खोटं आधीच खर्चून टाकलं होतं. खऱ्यासाठी खूणच शिल्लक नव्हती. लमार आठ फेऱ्या चिकटलेलेच ते दांडके पाहणार आणि म्हणणार, म्हाताऱ्याचं नेहमीचंच.

सतरा नंबर वळणातून बाहेर आली. एल्वुडकडे एका श्वासाचा वेळ होता.

त्याने दोन्ही हात पसरले. खांदे कडकड वाजेपर्यंत पसरले. दोन नारिंगी दांडके आकाशाच्या दोन टोकांना गेले. 'मागे कुणी नाही. निवांत चाल. बाहेर बघ, सूर्यास्त किती छान आहे.'

एल्वुडने आयुष्यात कुणालाही निवांत राहायला सांगितलं नव्हतं.

लमारने ते पाहिलं. त्याचं हेल्मेट अर्धा इंच वर उडालेलं एल्वुडने पाहिलं, किंवा पाहिलं असं तो नंतर सांगे. इंजिनाचा आवाज फाटला. सतरा नंबर त्या दोन रेंगाळणाऱ्या गाड्यांच्या मधून गेली, जिथे जागा नव्हती, आणि कर्टिसचं तिथे शिरायचं धाडस झालं नाही. शेवटची फेरी लमारने अशी मारली की जणू मागे वाघ नव्हे, वाघाचं सगळं खानदान लागलंय. शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा पडला तेव्हा निळी गाडी आठ गाड्यांच्या अंतरावर होती. हे अंतर खरं होतं.

स्टँड कोसळतं की काय असं वाटलं. लोक कुंपणावर चढले. तोतरा होईपर्यंत ओरडलेल्या निवेदकाने फोन नंबर दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांत मागून निघून सगळ्यांत पुढे असं क्रो हिलवर कुणीच केलं नव्हतं. एल्वुड गवतावरून चालत आला. हात खाली घ्यायचे तो विसरला होता. लमार पंखावर चढून उभा होता आणि एल्वुड जवळ येताच वाकून ओरडला, "टोपी बदल ती!"

"बरं," एल्वुड म्हणाला. त्याने लमारचा आखडलेला हातमोजा धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. लमारनेही सोडवला नाही. फोटोवाल्याला तो फोटो छान मिळाला.

बाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि हा विजय पास्टर वीव्हरांच्या वर्गाचा, प्रामाणिक संवादाचा असल्याचं जाहीर केलं. पास्टर डोळे पुसत होते. मग बाईंनी लमारचा हात वर केला. पुढच्या वर्षीही हीच जोडी. लोकांनी पुन्हा गर्जना केली. एल्वुडने नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाला.

गर्दी ओसरल्यावर बाई भाच्याला शोधत स्टँडखाली गेल्या. बातमी सौम्यपणे द्यायची होती. ट्रेंट व्हिनेगरचे बटाटे खात उभा होता.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. या वर्षी नाही जमलं."

"काय नाही जमलं, मावशी?"

तेव्हा बाईंना कळलं की त्याने ऑगस्टमध्येच लँकेस्टरला दंतवैद्याच्या मदतनिसाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं आणि गाडीबद्दल त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं.